भिंत जाड, पण जोड कुठे?

निलंगा, औसा, उमरगा या भागातल्या जुन्या गावांत गेलो, की घरांच्या भिंतींची जाडी लगेच नजरेत भरते. दोन-अडीच फूट जाडीची दगडी भिंत ही तिथे नवलाची गोष्ट नाही. वर मातीचे माळवद. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात अशा घरात शिरले की जीव थंड होतो. भिंत जाड म्हणून घर थंड आणि भिंत जाड म्हणून घर भक्कम, असा हिशेब पिढ्यान् पिढ्या चालत आला. त्यातला पहिला भाग बरोबर आहे. दुसरा भाग किती बरोबर आहे, हे ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी कळले.

निलंग्याच्या पश्चिमेला, शेजारच्या औसा तालुक्यात किल्लारी आहे. तिथे त्या पहाटे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. गणेश विसर्जन आटोपून माणसे गाढ झोपेत होती. लातूर आणि धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यांतली मिळून सुमारे आठ ते दहा हजार माणसे गेली. जगात याहून कितीतरी मोठे भूकंप होतात आणि त्यांत एवढी माणसे दगावत नाहीत. किल्लारीत बहुतेकांचा जीव घेतला तो घरांच्या भिंतींनी आणि छपरांनी. त्यातही एक चमत्कारिक गोष्ट दिसली. जाड भिंतींची घरे ढिगारा झाली आणि कुडाच्या, गवताने शाकारलेल्या झोपड्यांना मात्र फारसे काही झाले नाही.

असे का व्हावे? उत्तर शोधायला मोठे गणित लागत नाही. नववीत आपण न्यूटनचे जे नियम शिकवतो, तेवढे पुरतात. मात्र ते फळ्यावरून उतरवून भिंतीला लावून पाहावे लागतात.

खडूला विचारा

कोणतीही इमारत म्हणजे बल जमिनीपर्यंत पोहोचवण्याची वाट. माळवदाचे वजन कड्यांवर येते, कड्यांवरून तुळयांवर, तुळयांवरून खांबांवर किंवा भिंतीवर आणि तिथून पायातून जमिनीत. ही वाट कुठे तुटली तर त्याच्या वरचे सगळे खाली येणार.

या वाटेवरच्या प्रत्येक पदार्थावर दोन प्रकारची बले येऊ शकतात. एक दाबणारे आणि दुसरे ओढणारे. एक खडू घ्या. तो टेबलावर उभा धरून वरून सरळ दाबा. बराच जोर लावला तरी तो टिकतो. आता तोच खडू दोन्ही टोकांना धरून वाकवा. चिमटीच्या जोरानेही तो मोडतो. वाकवताना खडूची एक बाजू दाबली जाते आणि दुसरी ओढली जाते, आणि ओढ खडूला सोसत नाही. तुटण्याची सुरुवात नेहमी ओढलेल्या बाजूने होते.

दगड, वीट, सुकलेली माती आणि नुसते काँक्रीट ही सगळी या बाबतीत खडूची भावंडे आहेत. दाब पुष्कळ सोसतात, ओढ फार थोडी. जुन्या कारागिरांना हे पक्के ठाऊक होते. निलंग्याच्या नीलकंठेश्वरासारख्या हेमाडपंती धाटणीच्या मंदिरांत खांब एकमेकांच्या इतके जवळ का असतात? कारण खांबांवरची दगडी तुळई लांब केली तर ती आपल्याच भाराने वाकते, खालची बाजू ओढली जाते आणि तिला तडा जातो. म्हणून तुळया आखूड आणि जाड. दरवाजा रुंद हवा असेल तिथे कमान करायची, म्हणजे प्रत्येक दगडावर फक्त दाब येतो. लाकूड आणि लोखंड यांना मात्र ओढही सोसते.

चिखलात बांधलेली डबराची भिंत वरून येणारा भार शंभर वर्षेही पेलते. कारण तो भार दाबाचा असतो आणि कायम एकाच दिशेने, खाली येतो. भूकंपात बदलते ती दिशा.

आडवे बल येते कुठून?

भूकंपात घराला बाहेरून कोणी ढकलत नाही. हलते ती जमीन. उभ्या एसटीत आपण दांडीला न धरता उभे आहोत आणि ड्रायव्हरने गाडी झटक्याने पुढे काढली, तर आपण मागे झुकतो. आपल्याला मागे ढकलणारे कोणी नसते. पाय गाडीबरोबर पुढे जातात आणि वरचे शरीर जडत्वामुळे जागीच राहू पाहते. घराचेही तसेच होते. पाया जमिनीबरोबर सरकतो, वरचा भाग मागे राहतो. घरात बसून पाहणाऱ्याला वाटेल, की छपराला कोणीतरी आडवे ओढले. या आडव्या बलाचे माप न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने मिळते: वस्तुमान गुणिले त्वरण.

म्हणजे घर जितके जड, तितके त्याच्यावरचे आडवे बल मोठे. हे बल घर स्वतःच्या वजनातून स्वतःच तयार करते.

हिशेब करून पाहू. चार मीटर लांब आणि तीन मीटर रुंद खोली घ्या. तिच्यावर अर्धा मीटर जाडीचे माळवद आहे. मातीचे घनफळ झाले ६ घनमीटर. एका घनमीटर मातीचे वस्तुमान १६०० किलोग्रॅम धरले, तर छपराचे वस्तुमान ९६०० किलोग्रॅम. आता जमिनीचे आडवे त्वरण गुरुत्व त्वरणाच्या एकपंचमांश धरा. तेवढ्या हादऱ्यात छपरावर येणारे आडवे बल जवळजवळ १९०० किलो वजनाइतके होईल. त्याच खोलीवर पत्रा असता तर? पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला पाच किलो धरले तर सगळे छप्पर ६० किलोचे आणि आडवे बल १२ किलो वजनाइतके. गवताने शाकारलेली झोपडी का टिकली, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

माळवद अर्धा मीटर जाड असते का, असे कोणी विचारेल. बांधताना कदाचित नसते. पण पावसाळ्यापूर्वी गळती थांबवायला दर वर्षी वर पांढऱ्या मातीचा एक थर पडतो. जुना थर कोणी काढत नाही. आजोबांच्या वेळचे हलके छप्पर नातवाच्या वेळी जड झालेले असते, आणि ते रोज पाहणाऱ्या माणसाला कळतही नाही.

एक भिंत की दोन?

छप्पर जड होते हे समजले. पण भिंतही दोन-अडीच फूट जाड होती ना? ती का पडली?

उभी वस्तू आडव्या बलाने केव्हा कलंडते याचा एक सोपा नियम आहे. आडवे त्वरण आणि गुरुत्व त्वरण यांचे गुणोत्तर, वस्तूच्या जाडी आणि उंचीच्या गुणोत्तराहून मोठे झाले की वस्तू एका कडेवर उचलली जाऊ लागते. आपली भिंत ३ मीटर उंच आणि ७५ सेंटिमीटर जाड असेल, तर हे गुणोत्तर पाव येते. म्हणजे गुरुत्व त्वरणाच्या पावपट हादऱ्यापर्यंत भिंतीने जागा सोडायला नको. वरच्या उदाहरणातला एकपंचमांशाचा हादरा तिने सहज सोसायला हवा.

पण पडलेल्या भिंती पाहिल्या तर दिसत होते, की ती एक भिंत नव्हतीच. गवंडी बाहेरून मोठे दगड लावतो, त्यांची घडीव बाजू दिसेल अशी. आतून दुसरी ओळ लावतो. मधल्या पोकळीत बारीक दगड आणि चिखल भरतो. वरून पाहिले तर जाड भिंत, प्रत्यक्षात शेजारी उभे दोन पडदे आणि मध्ये भराव. आता प्रत्येक पडदा ३० सेंटिमीटर जाडीचा धरा. ३० भागिले ३०० म्हणजे फक्त एकदशांश. दगड तेच, चिखल तोच, बाहेरून दिसणारी जाडीही तीच. पण भिंतीची आडवे बल सोसण्याची ताकद पावावरून एकदशांशावर आली. शिवाय भूकंपात मधला भराव खाली बसतो आणि पाचर ठोकावी तसा दोन्ही पडद्यांना बाहेर रेटतो. बाहेरचा पडदा गल्लीत पडतो, आतला झोपलेल्या माणसांवर.

कडेवर उचलली गेलेली वस्तू पडतेच असे नाही. हादरा लगेच उलटला तर ती परत जागेवर बसते. म्हणून हे गणित अगदी काटेकोर नाही. पण दोन आकड्यांमधला फरक खरा आहे.

वर्गात हे दाखवता येते. जाड पुठ्ठ्याची, सारख्या आकाराची दोन पुस्तके घ्या. एका फळीवर ती एकमेकांना चिकटून उभी करा. खालून घसरू नयेत म्हणून उताराच्या बाजूला एक बारीक पट्टी ठोका. आता फळीचे दुसरे टोक हळूहळू उचला आणि पुस्तके कोणत्या कोनाला पडतात ते कोनमापकाने मोजा. मग तीच पुस्तके दोऱ्याने घट्ट बांधून पुन्हा करा. या वेळी फळी जवळजवळ दुप्पट कोनापर्यंत उचलावी लागेल. फळी कलती करणे म्हणजे आडवे बल लावण्यासारखेच आहे, आणि कलंडण्याच्या कोनाची 'टॅन' किंमत म्हणजेच जाडी भागिले उंची. आपल्या अखंड भिंतीसाठी हा कोन सुमारे १४ अंश येतो आणि सुट्या पडद्यासाठी सुमारे ६ अंश. दहावीच्या मुलांना त्रिकोणमितीचा असा उपयोग सहसा पाहायला मिळत नाही.

पुस्तकांना दोरा बांधला, तसे भिंतीला काय बांधायचे? आरपार दगड. भिंतीच्या पूर्ण जाडीइतका लांब दगड आडवा घातला, की त्याचे एक टोक बाहेरच्या पडद्यात आणि दुसरे आतल्या पडद्यात अडकते. कमी ताकदीच्या दगडी बांधकामासाठी भारतीय मानक संस्थेने १९९३ सालीच एक मानक काढले, आयएस १३८२८. त्यात दर ६० सेंटिमीटर उंचीला आणि आडवे दर १.२ मीटरला एक आरपार दगड घालावा असे सांगितले आहे. त्याच मानकात आणखी एक गोष्ट आहे, जी ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते: अशी भिंत ४५ सेंटिमीटरपेक्षा जाड करू नये. जाडी वाढली की आरपार दगड मिळत नाही, मधला भराव वाढतो आणि वजनही वाढते.

चार भिंती, चार कोपरे

एकटी भिंत सांधली, तरी घर एका भिंतीचे नसते. बुटांचा रिकामा खोका घ्या. त्याचे चारही कोपरे कापून बाजू सुट्या उभ्या करा. बोटाने ढकलली की बाजू पडते. कोपरे चिकटवलेला खोका ढकला. तो जागचा सरकेल, पण बाजू पडणार नाही. ज्या भिंतीला आपण समोरून ढकलतो ती दुबळी, पण तिच्या काटकोनातल्या दोन भिंती त्याच बलाला लांबीच्या दिशेने तोंड देतात. त्या दिशेने त्या खूप ताकदवान असतात. दुबळ्या भिंतीचे बल कोपऱ्यातून ताकदवान भिंतींकडे गेले की घर टिकते. कोपऱ्यातले दगड एकमेकांत गुंतवले नसतील, तर ही वाट पहिल्याच हादऱ्यात उघडी पडते.

म्हणून दारे-खिडक्यांच्या वरच्या पातळीवर सगळ्या भिंतींवरून फिरणारा, कुठेही न तुटलेला सळयांचा काँक्रीट पट्टा घालतात. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवतात तसाच हा प्रकार. चाकाचे लाकडी तुकडे भार पेलतात. त्यांना फाकू न देण्याचे काम धाव करते. पट्टा भिंतीचा भार उचलत नाही, भिंतींना एकमेकींपासून सुटू देत नाही. दगडाला न सोसणारी ओढ पट्ट्यातल्या सळया सोसतात.

ही कल्पना परदेशातून आलेली नाही. १९३१ साली बलुचिस्तानात मच इथे भूकंप झाला. त्यानंतर रेल्वेतील अभियंता एस. एल. कुमार यांनी क्वेट्टा इथे कर्मचाऱ्यांची घरे भूकंपाचा विचार करून बांधली. ३१ मे १९३५ रोजी क्वेट्टा शहर भूकंपात जमीनदोस्त झाले. ही घरे उभी राहिली.

लाकडाची चौकट आणि तिरकी दांडी

किल्लारी परिसरातही सगळी दगडी घरे सारखी पडली नाहीत. जिथे माळवदाचा भार भिंतीवर न येता लाकडी खांबांवर आणि तुळयांवर होता, अशा काही खणांच्या घरांत भिंती ढासळल्या, पण खांब उभे राहिले आणि छप्पर जागेवर राहिले. भार नेणारी वाट भिंतीपासून वेगळी होती. भिंत पडली तरी वाट तुटली नाही. आत पडलेल्या दगडांनी तिथेही माणसे जखमी झाली, पण टनावारी माती अंगावर आली नाही.

या चौकटीतही एक उणीव होती. चार समान पट्ट्या घेऊन टोकांना एकेक खिळा मारून चौकोन करा. एका कोपऱ्याला बोट लावले की चौकोन कलून समांतरभुज होतो. आता समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना जोडणारी पाचवी पट्टी तिरकी ठोका. चौकोन हलायचा थांबतो. कारण आता त्याचे दोन त्रिकोण झाले, आणि बाजूंची लांबी न बदलता त्रिकोणाचा आकार बदलता येत नाही. पहिली रचना ही यंत्रणा होती, हलणारी. दुसरी झाली इमारतीच्या कामाची, न हलणारी. फरक एका पट्टीचा. सायकलची चौकट, विजेच्या तारांचे मनोरे, रेल्वेचे लोखंडी पूल, सगळीकडे हेच त्रिकोण दिसतील. काश्मीरमधल्या 'धज्जी देवारी' घरांत लाकडी चौकटीत तिरक्या दांड्या टाकून भिंतीचे लहान लहान तुकडे करतात आणि त्यांत दगड-विटा भरतात. आपल्या खणांच्या चौकटीत खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात अशी तिरकी दांडी ठोकणे गावच्या सुताराच्या आवाक्यातले काम आहे.

सिमेंट आले म्हणजे झाले?

भूकंपानंतर सर्वाधिक नुकसान झालेल्या सुमारे ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. त्याखेरीज इतर गावांत सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्तीचे आणि बळकटीचे काम हाती घेण्यात आले. जुन्या भिंतीला आरपार भोक पाडून त्यात आकडा असलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचे, म्हणजे आरपार दगडाचे काम होते. माळवदावरची जादा माती काढायची. कोपऱ्यांवर जाळी ठोकून सिमेंटचा गिलावा करायचा. ही सगळी कामे म्हणजे वर पाहिलेल्या तत्त्वांची उतरलेली रूपे आहेत.

पण लोकांच्या मनावर ठसला तो वेगळाच धडा: दगड वाईट, सिमेंट चांगले. हा धडा घातक आहे. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपात, केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादमध्ये सिमेंट काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या. पुष्कळ ठिकाणी तळमजला गाड्यांसाठी मोकळा ठेवलेला होता: वर भिंतींनी भरलेले जड मजले आणि खाली नुसते खांब. खांब आणि तुळई यांच्या सांध्यांत सळया नीट गुंतवलेल्या नव्हत्या. दगडी भिंतीत जे हरवले होते तेच इथेही हरवले होते.

आपल्याकडे याहून जवळचा धोका आहे. जुन्या चिखलातल्या भिंती तशाच ठेवून माळवद काढायचे आणि वर सिमेंटचा स्लॅब टाकायचा, हा मार्ग सोपा वाटतो. बारा चौरस मीटरचा, १२ सेंटिमीटर जाडीचा स्लॅब साडेतीन टनांच्या आसपास भरतो. माळवदापेक्षा तो हलका खरा. पण खालची भिंत दोन पडद्यांचीच राहिली, कोपरे सुटेच राहिले, आणि या स्लॅबला भिंतीशी बांधणारे काही नसते. पूर्वी खांबांवर असलेला भार आता त्याच दुबळ्या भिंतीवर आला. चांगली वाट काढून टाकून आपण वाईट वाट ठेवली.

शाळेने काय पाहावे?

किल्लारीचा भाग १९९३ साली भारताच्या भूकंप नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या सुधारित नकाशात लातूर परिसर वरच्या, तिसऱ्या पट्ट्यात घातला गेला. सप्टेंबर २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरी भागात जमिनीतून आवाज आणि सौम्य धक्के जाणवले आणि लोकांनी रात्री घराबाहेर काढल्या. २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले मध्यम धक्के नांदेडपर्यंत जाणवले. पुढचा मोठा धक्का कधी येईल हे कोणालाही सांगता येत नाही. कोणती भिंत पडेल हे मात्र बऱ्याच अंशी आधी सांगता येते.

आठवी-नववीच्या मुलांना एक वही देऊन आपापल्या घराची पाहणी करायला सांगा. भिंत किती जाड? बाहेरून पाहताना तिला कुठे पोट सुटल्यासारखे दिसते का? ओळंबा सोडला की ते लगेच कळते, आणि पोट सुटणे म्हणजे दोन पडदे वेगळे होऊ लागल्याची खूण. कोपऱ्यात वरून खाली उभी भेग आहे का? माळवदावर मातीचे किती थर आहेत? छप्पर खांबांवर टेकले आहे की भिंतीवर? दारावर पट्टा आहे का, आणि तो घरभर फिरतो की दारापुरताच आहे?

या पाच-सहा प्रश्नांना यंत्र लागत नाही. भिंतीला पोट सुटलेले किंवा कोपरा उघडलेला आढळला, तर मुलाने घरी दोन गोष्टी सांगाव्यात. पहिली, त्या भिंतीलगत कोणाचे अंथरूण घालू नये. दुसरी, यंदा माळवदावर माती टाकण्याआधी जुनी उतरवावी, आणि गवंडी घरी येईल तेव्हा त्याला आरपार दगडाबद्दल विचारावे.